टिंबाला तीन पोळ्या

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे खोटे मेसेज पाठवणं. रविवारची दुपार होती. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं. ही पायरीवर मांडी घालून बसलेली, हातात तिचा बटणाचा फोन. मी आत स्टुलावर, त्या बिल काढायच्या छोट्या प्रिंटरसमोर. ती मेसेज पाठवायची, प्रिंटर कर्रकर्र करून चिठ्ठी ओकायचा, मी ती मोठ्याने वाचायचो.

"आता मी नर्सताई," ही बोलली आणि तिने एक टिंब पाठवलं. नुसतं टिंब, दुसरं काही नाही.

चिठ्ठी आली. मी वाचली, "नर्सताई. तीन पोळ्या, भाजी, वरण नको."

"बरोब्बर! आता मी बँकवाले." मग ताठ बसली, चष्मा नाकावर खाली ओढला, घसा खाकरला. फोनला काय दिसतंय? पण नाही, सोंग पुरं पाहिजे. कोणाचं सोंग घेतलंय ते आधी लिहायचं आणि मग त्या माणसाची ऑर्डर त्याच्याच पद्धतीने टाकायची, अशी सोय आमच्या सुनेने ठाण्याहून करून दिलेली. नुसती तपासणीसाठी. खरा कारभार दुसऱ्या दिवशी सकाळी चालू होणार होता.

वरच्या मजल्यावरची बाई पिशवी घेऊन चाललेली. तिने वाकून बघितलं. "काय काकू, रविवारी पण दुकान उघडं?"

"दुकान बंद आहे, नाटक चालू आहे," ही बोलली. "बस, तिकीट नाही."

"आणि काका कोण झालेत?"

"ते आयुष्यभर प्रेक्षकच."

मी आतून ओरडलो, "प्रेक्षक नसता तर नाटक कोणाला दाखवलं असतंस?" ती बाई हसत हसत गेली. आम्ही पुढे चालू.

आम्ही काय तपासत होतो ते कळायला थोडं मागचं सांगतो.

आमचं पोळीभाजी केंद्र डोंबिवली पूर्वेला, बिल्डिंगच्या खालच्या गाळ्यात. मी आधी मानपाड्याच्या बाजूला एका कंपनीत फिटर. शिक्षण चौथी. कंपनी बंद पडली तेव्हा ही घरच्या ओट्यावर पोळ्या लाटून द्यायला लागलेली, त्यावर घर चाललं, आणि पुढे त्याचंच दुकान झालं. पोळ्या लाटायला एक बाई येते. भाजी हिची. डबे पोचवायला मी आणि माझी सायकल. ठाकुर्लीपर्यंत मी जातो, त्याच्या पलीकडचं गिऱ्हाईक आम्ही घेत नाही.

सगळ्यात मोठी कटकट फोनची. हिचे दोन्ही हात कणकेत आणि फोन वाजतोय. मग कोपराने बटण दाबायचं, मान वाकडी करून बोलायचं. फोनवर पिठाचा थर बसलेला. कधी मी उचलायचो, तर चारच्या दोन पोळ्या आणि दोनच्या चार. मग शिव्या मला नाहीत, हिलाच, आणि हिच्याकडून त्या व्याजासकट मला.

सून कॉम्प्युटरवाली. तिचं ऑफिस ठाण्यात. लांब लांब असलेली मशीनं एकमेकांशी नीट बोलतील अशी हत्यारं ती आणि तिची माणसं बनवतात, एवढं मला कळलंय. एकदा सुट्टीला आली, तो पिठाचा फोन बघितला आणि बोलली, "आई, मी तुम्हाला एक छोटा प्रोग्राम करून देते." गिऱ्हाइकाने दुकानाच्या नंबरवर मेसेज टाकायचा, किती पोळ्या, काय पाहिजे. कुठल्यातरी लांबच्या कॉम्प्युटरवर तो जाणार, तिथे प्रोग्राम तो वाचणार आणि सकाळी सहा वाजता आमच्या प्रिंटरवर सगळ्यांची चिठ्ठी निघणार.

ही आधी फुगली. "माझ्या गिऱ्हाइकाशी मशीन बोलणार? माझ्याशिवाय?"

"बोलणार नाही हो आई. ते फक्त ऐकणार. बोलायला तुम्ही आहातच."

ते हिला पटलं. चालू झालं. पहिल्या दिवशी चिठ्ठी निघाली तर बँकवाल्या गृहस्थांच्या नावापुढे पोळ्या तीनशे दोन. पोळीवाली बाई मटकन खालीच बसली. ही बोलली, "बस नको, कणीक भिजव. त्यांच्याकडे कोणाचं तरी लग्न दिसतंय." नंतर कळलं, त्यांनी लिहिलेलं, 'तीनशे दोनमध्ये चार पोळ्या'. तीनशे दोन त्यांचा फ्लॅट. प्रोग्रामने पहिला आकडा उचललेला. सुनेला दुरुस्त करायची संधी मिळायच्या आत बँकवाल्यांनी स्वतःच पद्धत बदलली. आधी पोळ्या लिहायच्या, मग फ्लॅट. चार, तीनशे दोन. आजपर्यंत तसंच लिहितात. प्रोग्रामशी त्यांनी तडजोड केली.

असंच सगळ्यांचं झालं. प्रोग्राममध्ये आणखी दोन चुका राहिलेल्या आणि त्या आम्हाला चुका वाटल्याच नाहीत. पहिली ही की रात्री जुन्या ऑर्डरी पुसायच्या राहायच्या. काल जे मागितलं ते आज परत छापून यायचं, उद्या परत, गिऱ्हाईक काही वेगळं बोलत नाही तोवर. दुसरी चूक, मेसेज समजला नाही की प्रोग्राम गुपचूप कालचीच ऑर्डर द्यायचा. लोकं हुशार. त्यांनी ते ओळखलं आणि त्यावर आपला संसार मांडला. रात्रपाळी करणारी एक नर्सताई होती, तिने एकदा पेंगत चुकून टिंब पाठवलं, तरी डबा आला. तेव्हापासून ती रोज टिंबच पाठवते. का, तर तिला वाटतं काहीतरी पाठवायला पाहिजे, आणि लिहायला डोळे उघडत नाहीत.

आणि ठाकुर्लीचे आजोबा. एकटे राहणारे, दुसरा मजला, रस्त्याच्या बाजूला गॅलरी. हात थरथरतात, पेलापण दोन्ही हातांनी धरतात. प्रोग्राम चालू झाला तेव्हा त्यांच्या पुतण्याने एकदाच मेसेज टाकून दिलेला, दोन पोळ्या, भाजी कमी तिखट. पुतण्या गेला परदेशी. त्यानंतर आजोबांनी एक अक्षर टाकलं नाही आणि डबा एक दिवस चुकला नाही. त्यांचं जेवण त्या चुकीवर चाललेलं, पण हे आजोबांना माहीत नाही, आम्हालाही नाही.

मग शिमगा आला. आमचा एक गिऱ्हाईक कोकणात गावाला गेला आणि डबा बंद करा असं सांगायचं विसरला. चिठ्ठीवर त्याचं नाव रोज येतंय. मी डबा घेऊन गेलो, दाराला कुलूप. कडीला लटकवला. दुसऱ्या दिवशी गेलो, पहिला तसाच. त्याच्या शेजारी दुसरा लटकवला. आता तुम्ही बोलाल, म्हाताऱ्याला अक्कल नाही का? अहो, कंपनीत जॉबकार्डावर लिहिलंय ते करायचं, डोकं चालवायचं नाही, ही सवय हाडात गेलेली. तिसऱ्या दिवशी तिसरा. देवळातल्या घंटा लटकतात तसे तीन डबे. चौथ्या दिवशी त्या सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यातच उभे. "काका, तुमच्या चवळीच्या उसळीने आमचा अख्खा मजला उठवलाय."

हिने मला त्यावरून जे धुतलं ते सोसायटीच्या गच्चीवर ऐकू गेलं. "पहिला डबा भरलेला दिसला तेव्हा काय वाटलं तुम्हाला? त्याला दुप्पट भूक लागलीय?"

"चिठ्ठीवर नाव होतं."

"चिठ्ठीवर उद्या माझं नाव आलं तर मला पण लटकवाल कडीला!"

गिऱ्हाईक परत आला तोही भांडला, आणि त्याचं बरोबर होतं. मी सुनेला फोन लावला आणि सांगितलं, हे बंद कर, रोजची ऑर्डर रोज. माझं म्हणणं सरळ होतं, ज्याला जेवायचंय त्याने मागावं. ती पण ऑफिसच्या घाईत होती. संध्याकाळी तिचा फोन, "बाबा, झालं दुरुस्त. आता रात्री सगळं पुसलं जाईल. आणि न कळणारा मेसेज आला तर तसं छापून येईल." मी खूश.

सकाळी सहाला प्रिंटर वाजला आणि लगेच थांबला. चिठ्ठी माझ्या तळहाताएवढी. एरवी गुडघ्यापर्यंत यायची. तिच्यात खाली छापलेलं, 'नर्सताई, मेसेज समजला नाही'.

ही चिठ्ठी हातात धरून उभी. "हे काय? अर्धी डोंबिवली उपाशी ठेवायचीय?"

"मागतील ज्यांना पाहिजे ते," मी बोललो.

"त्यांनी मागितलंयच. एकदा मागितलंय ना?"

मग कणकेचे हात आणि फोन, सगळं पहिल्यासारखं. पोळीवाली बाई लाटतेय, ही एकेकाला विचारतेय, मी सायकल दामटतोय. नर्सताईने दवाखान्यातून येऊन फोनवर आरडाओरडा केला, "काकू, मी टिंब पाठवलेलं!" जशी काही रजिस्टर चिठ्ठी पाठवलेली. बारापर्यंत सगळ्यांचं मार्गी लागलं. राहिले फक्त आजोबा. त्यांचा फोन वाजून वाजून बंद व्हायचा. त्यांना बारीक वाजलेलं ऐकू येत नाही.

हिने डबा भरला, पदर खोचला आणि बोलली, "सायकल ठेवा. रिक्षा बघा. मी येते."

आम्ही वर गेलो तेव्हा दोन वाजून गेलेले. आजोबा गॅलरीत बसलेले. पुढ्यात स्टूल, त्यावर धुतलेलं ताट, वाटी, पाण्याचा तांब्या. मीठसुद्धा वाढून ठेवलेलं. त्यांनी हिला बघितलं आणि उठायला लागले.

"बसा हो. फोन का नाही केलात?"

"मला वाटलं, रागावलात. परवा ह्यांना बोललो ना मी, भाजी जरा तिखट लागली. म्हणून बंद केलात की काय."

ही डबा उघडून ताटात वाढायला बसली. "आजोबा, माझ्याकडे एवढी माणसं, मी एकेकावर रागवत बसले तर पोळ्या कधी लाटू? रागवायला मला हे एकटे पुरतात." आजोबा हसले. हिने पुढे सांगितलं, आमच्या मशीनची गडबड झाली. आता रोज मेसेज टाकावा लागेल, असंही ती सांगणार होती. मला दिसलं तिच्या तोंडावर. तेवढ्यात आजोबांनी पोळीचा तुकडा मोडायला हात पुढे केला. तो हात बघून तिने वाक्य गिळलं.

"तुमचा डबा परत चुकणार नाही," ती बोलली. "माझा शब्द आहे. तुम्ही काही करायचं नाही. नुसतं बसायचं इथे आणि जेवायचं."

रिक्षात बसल्या बसल्या हिने सुनेला फोन लावला. मी सरसावून बसलो. सासू-सुनेचं चांगलं जुंपणार, फुकटची करमणूक. पण झालं भलतंच. हिने आजोबांचं ताट, तांब्या, मीठ, सगळं सांगितलं. सून बोलली, आणि फोन मोठ्या आवाजावर होता म्हणून मलापण ऐकू आलं, "आई, हे मला कळायला पाहिजे होतं. ऑफिसात मीच नव्या पोरांना सांगते, चूक दुरुस्त करा, पण त्या चुकीच्या भरवशावर कोण बसलंय ते आधी बघा. त्याचं चालू असलेलं काम मोडू नका. आणि घरच्या कामात मीच विसरले. मी जुनं परत लावते, आत्ता."

आम्ही डोंबिवलीला दुकानात पोचलो तेव्हा प्रिंटर कर्रकर्र करत होता आणि चिठ्ठी जमिनीपर्यंत आलेली. आजोबा, नर्सताई, सगळे परत. ही त्या चिठ्ठीकडे बघून बोलली, "या, बसा सगळे."

पण म्हणून चूक तर तशीच राहिली ना? कोणी परत गावाला गेला की परत कडीला डबे. म्हणून पुढच्या रविवारी सून स्वतः आली. तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसली, मांडीवर कॉम्प्युटर. ही मेथी निवडतेय, मी काड्या गोळा करतोय.

मी आपलं मत ठोकून दिलं. "सगळ्यांना एक नियम. शिकतील. नाही शिकले तर दुसरं केंद्र बघतील."

सून बोलली, "बाबा, तुमच्या कंपनीत मोटर जळली की काय करायचात?"

"नवी बसवायची."

"आणि तिची भोकं जुन्या पायावर बसली नाहीत तर?"

तसं एकदा झालेलं. नवी मोटर आणलेली, जुनीपेक्षा चांगली, आवाज कमी, ताकद जास्त. पण खालच्या बोल्टांची भोकं इकडची तिकडे. पाया फोडायचा तर आख्खी लाईन बंद. शेवटी आम्ही जाड लोखंडी पट्टी कापली. तिला खालच्या बाजूला जुन्या पायाची भोकं पाडली, वर नव्या मोटरची. पट्टी मध्ये बसवली, आणि संध्याकाळी लाईन चालू. हे मी सुनेला सांगितलं तर तिने टाळीच दिली मला. सासऱ्याला टाळी! "बस. तीच पट्टी मी करणार. खाली जुनी माणसं, वर नवा प्रोग्राम."

हिने मेथीची जुडी खाली ठेवली. "म्हणजे कसं ते मला सांग. माझ्या भाषेत."

"म्हणजे आई, जे आधीपासून आहेत त्यांना जसं चालतं तसंच चालणार. काल मागितलं ते आजही येणार. नर्सताईचं टिंब म्हणजे तीन पोळ्या. बँकवाल्यांचा पहिला आकडा म्हणजे पोळ्या. नवीन गिऱ्हाइकं येतील त्यांना पहिल्या दिवसापासून नवा नियम, रोज मागायचं. आणि भरलेला डबा दिसला की बाबांनी मला नुसती खूण करायची, फोनवर एक बटण दाबून. मग प्रोग्राम त्या माणसाचा डबा थांबवेल आणि तुम्हाला सांगेल, विचारून घ्या."

"म्हणजे जुन्या सुनेला जुने नियम आणि नवीला नवे," ही बोलली.

"तुमच्याकडे उलटंच झालंय आई. नवीनच सगळ्यांना सांभाळतेय."

"बघा, बघा कशी बोलते!" पण ही इतकी हसली की मेथी सांडली.

मग दोघी बसल्या. कोण कसं मागतं ते ही आठवून आठवून सांगतेय. एक शाळेतल्या बाई होत्या, त्या मेसेज म्हणून पूर्ण पत्र लिहायच्या, वहिनींस नमस्कार, वि. वि., आणि शेवटी पोळ्या. एकजण फक्त सोमवारी मेसेज टाकायचा आणि आठवडाभर जेवायचा. हिला ते सगळे तसेच्या तसे पाहिजेत. सून एकदा वैतागली. "आई, एवढ्या जणांच्या एवढ्या तऱ्हा मी किती वर्षं सांभाळू? पाच वर्षांनी हे कोणाला आठवणार आहे?"

"मी आहे ना," ही बोलली. "मला विचार."

शेवटी एक-दोन तऱ्हा सोडल्या. दर गुरुवारी उपास आहे की नाही हे प्रोग्रामने स्वतः ओळखावं, अशी हिची एक मागणी होती. ती सुनेने हात जोडून नाकारली. बाकी सगळं घेतलं. आठवडाभर ती ठाण्यात त्यावर बसली, आणि रविवारी सकाळी फोन केला. "बाबा, आई, तयार आहे. खऱ्या यादीला हात लावलेला नाही, बाजूला ठेवलंय. तुम्ही दोघं सगळ्यांची सोंगं घ्या आणि मोडतंय का बघा. मोडलं तर बरं, आज मोडू दे. नाही मोडलं तर उद्या सकाळी सहाला आपोआप खरं चालू होईल."

तर अशी ती दुपार. ही एकेक गिऱ्हाईक होत होती. शाळेतल्या बाई झाली तेव्हा तिने खरोखर नमस्कारापासून पत्र लिहिलं, बटणाच्या फोनवर, एकेक अक्षर शोधत. मी बोललो, "अगं, अर्धं लिही, तपासायलाच तर आहे." तर बोलली, "बाई अर्धं लिहितात का?" मग मी पण थांबलो. चिठ्ठी आली, दोन पोळ्या, भात. एकदा तिने मुद्दाम मला फसवलं, माझंच नाव टाकून मेसेज केला, 'काही नको, भांडण पाहिजे'. प्रिंटर बिचारा थोडा वेळ विचारात पडला आणि छापून आलं, 'नवीन गिऱ्हाईक. मेसेज समजला नाही'.

"बघितलंत?" ही बोलली. "एवढी वर्षं झाली, तुम्ही अजून नवीन!"

आम्ही दोघं किती हसलो. प्रिंटरचा कागद संपला, तो भरताना पण हसत होतो. मी उलटा बसवला, मग परत काढून सुलटा.

शेवटी राहिले आजोबा. हिने सोंग घेतलं. म्हणजे काय केलं, तर फोन मांडीवर ठेवला आणि हात जोडून गप्प बसली.

"पाठव की," मी बोललो.

"आजोबा काही पाठवत नाहीत. मी पण नाही."

सुनेला फोन केला की ती तिकडून दिवस पुढे ढकलणार होती, म्हणजे प्रोग्रामला वाटणार रात्र होऊन सकाळ झाली. मी फोन केला. "ढकल गं." आणि आम्ही बसलो. पुसून गेलं तर हिचा शब्द गेला. ही प्रिंटरकडे अशी बघत होती, जसं दहावीच्या निकालाला पोरांच्या आया बघतात. मी पण स्टुलावर पुढे सरकलो. समोरच्या झाडावर कावळे ओरडत होते तेवढंच.

कर्रकर्र.

"ठाकुर्लीचे आजोबा," मी वाचलं. "दोन पोळ्या. भाजी कमी तिखट."

तिने पायरीवर बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या. लहान पोर वाजवतं तशा, बोटं पसरून. मग बोलली, "सुनेला सांगा, पास. पहिल्या नंबरात." मी सांगितलं. आम्ही शटर ओढलं, वर गेलो, तिने पिठलं टाकलं, आम्ही जेवलो आणि झोपलो.

पहाटे ती रोजच्यासारखी चारला उठली नाही. झोपेतच गेली. बिल्डिंगमधले डॉक्टर आले, त्यांनी हात बघितला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मुलगा आणि सून ठाण्याहून निघाले. मुलगी नाशिकला, ती आल्याशिवाय काही करायचं नव्हतं. घर माणसांनी भरलं. बायका आत, पुरुष जिन्यात. मी एका कोपऱ्यात, मला काही सुचत नव्हतं.

आणि सहा वाजता खाली दुकानात प्रिंटर वाजला. आमच्या खोलीपर्यंत आवाज येतो तो. सगळे गप्प होते म्हणून अजूनच आला. थांबेचना. वाजतोय, वाजतोय.

मी खाली गेलो. शटर वर केलं. चिठ्ठी जमिनीवर येऊन पडलेली. वाचली. नर्सताई, तीन पोळ्या. बँकवाले, चार. शाळेतल्या बाई. सोमवारचा तो माणूस. एकही सुटलेला नव्हता. ठाकुर्लीचे आजोबा, दोन पोळ्या, भाजी कमी तिखट.

पोळीवाली बाई रोजच्या वेळेला आली, तिला रस्त्यातच कळलेलं. रडत होती. मी बोललो, "गॅस पेटव."

"काका, आज? सुतक आहे तुम्हाला."

"सुतक मला आहे. आजोबांना नाही. तू लाट, मी स्वयंपाकाला हात लावत नाही. कोणाला चालणार नसेल तर त्यांना फोन करून आधी सांग, लपवू नको."

तिने फोन केले. एकानेही नको म्हटलं नाही. नर्सताई दवाखान्यातून तशीच आली आणि पाट घेऊन लाटायला बसली. भाजी वरच्या मजल्यावरच्या बाईने टाकली. आजोबांची वेगळी काढ, मी सांगितलं, तिखट घालायच्या आधी. एवढ्यात मुलगा आणि सून पोचले. सून वर जाऊन हिच्या पायाशी बसून आली आणि मग खाली आली. तिचे डोळे लाल. "बाबा, मी सगळ्यांना मेसेज टाकते, आज डबा नाही म्हणून. बंद करू का?"

"नको. चालू राहू दे. बरोबर आलंय सगळं."

तिने चिठ्ठी हातात घेतली आणि वरपासून खालपर्यंत वाचली. मग डबे पुसून माझ्या पिशवीत भरायला लागली. जिन्यातली माणसं माझ्याकडे बघत होती. एक नातेवाईक पुढे आले, बोलले, "अहो, तुम्ही कुठे चाललात? लोकं काय म्हणतील?"

"जेवलो असं म्हणतील," मी बोललो आणि सायकल काढली.

सगळे डबे लावले. दारादारात लोकांनी माझा हात धरला, मी कुठे थांबलो नाही. ठाकुर्लीला शेवटी गेलो. आजोबा गॅलरीतच होते, ताट पुढ्यात. त्यांना फोन ऐकू आला नव्हता, त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. मी वाढून दिलं. त्यांनी भाजी चाखली.

"आज अगदी बरोबर झालीय. वहिनींना सांगा हं."

"सांगतो," मी बोललो. त्यांचं जेवण होईपर्यंत मी बसलो. मग सांगितलं.

घरी आलो तेव्हा मुलगी अजून वाटेत होती. बायकांनी मला जागा करून दिली. मी हिच्या शेजारी खाली बसलो आणि सांगितलं, "आजोबांचा डबा पोचला. सगळ्यांचे पोचले."